वजन उतरल्यानंतरची काळजी

तुम्ही बारा किलो वजन उतरवलेत, याचा मनापासून आनंद वाटतो. परंतु हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी उष्मांक पुरतात आणि भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक घटल्यामुळे भूक मात्र वाढते, म्हणून जुन्या मापाने ताट वाढून घेऊ लागलात की वजन हळूहळू परत येते. मी गेली नऊ वर्षे दर सोमवारी सकाळी, चहापूर्वी, वजनाचा आकडा वहीत टिपतो. दोन किलो वाढलेले दिसले की त्याच आठवड्यापासून उकड्या तांदळाचे शीत, म्हणजे भात, एका वाटीवर आणतो, हुमण (माशांची आमटी) आणि भाजी मात्र कमी करत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) अवश्य खाव्यात, त्या नाकारणे मला तरी पटत नाही. पणजीतल्या मिरामारच्या किनाऱ्यावरचे संध्याकाळचे चालणे तेवढे त्या दिवसांतही चुकवू नका.