युद्धविराम झाल्यावर हिशेब का मिटत नाही?

प्रश्न : शस्त्रसंधी झाली की युद्धाच्या बातम्या थांबतात. त्यानंतर तिथल्या सामान्य माणसाला नेमके काय सोसावे लागते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : यासाठी व्हिएतनामशेजारच्या लाओस या देशाकडे पाहावे. १९६२ च्या जिनिव्हा करारात ज्याची तटस्थता मान्य झाली होती, त्या देशावर अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील क्लस्टर बॉम्बमधून सुमारे २७ कोटी लहान बॉम्ब विखुरले आणि त्यांपैकी जवळपास ३० टक्के फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे.

स्थानिक लोक ज्याला ‘बॉम्बी’ म्हणतात, तो हा गोळा टेनिसच्या चेंडूएवढा असतो. म्हणूनच मुले तो खेळायला उचलतात. भाताच्या खाचरात कुदळ मारताना तो फुटतो आणि रानात चूल पेटवली तर नुसत्या उष्णतेनेही मातीखाली फुटतो. १९७३ नंतर अशा स्फोटांत २० हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. घरचा कर्ता हात किंवा पाय गमावून बसला, की शेतीचे काम बायकामुलांवर येते आणि शाळा सुटते. काही कुटुंबे धोका ठाऊक असूनही जमीन कसतात, काही ती पडीक ठेवतात, आणि हातात पैसा नसला की भंगारात विकण्यासाठी तेच लोखंड उकरून काढतात. याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. धोका त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतो.

जमीन मोकळी करण्याचे काम कमालीचे संथ असते. धातुशोधक यंत्र वाजले की दरवेळी गुडघ्यांवर बसून हाताने माती बाजूला करावी लागते; बहुतेक वेळा निघतो तो लोखंडाचा निरुपयोगी तुकडा, पण ते आधी कळत नाही.

२०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी लाओसला जाऊन या कामासाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. त्याच अमेरिकेने २०२३ मध्ये युक्रेनला क्लस्टर बॉम्ब पुरवले. या शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये झाला आणि २०१० पासून लागू आहे. त्याबाहेर राहिलेल्यांत अमेरिका, रशिया आणि चीन यांच्याबरोबर भारतही आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते.