ट्रकच्या चाकाचे नट हाताने सोडवायला कोणता पाना घ्यावा?

प्रश्न असा आहे: दहाचाकी टिपर, मागच्या जोडचाकाचा नट रस्त्यात हलेना, अर्धा इंची रॅचेटचा चौकोन (ज्यावर गोटी बसते तो खुंट) तुटला. आता गाडीत कायमचं ठेवायला लांब पाईपचा पाना घ्यावा, पाऊण इंची टी-बार घ्यावा, की दुकानदार दाखवतोय तो गिअरचा पाना?

आधी पाऊण इंची ड्राइव्हचा सरकता टी-बार, नटाच्या नेमक्या मापाची सहा कोनी खोल गोटी (सॉकेट) आणि मीटरभर लांबीचा जाड पाईप घ्या. गिअरचा पाना त्यानंतर, आणि तोही नट पहिल्यांदा हलवण्यापुरताच. अर्धा इंची सामान या गाडीसाठी नाहीच. चौकोन तुटला यात त्या रॅचेटचा दोष नाही, काम त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. अडकलेल्या नटाचा जोर रॅचेटच्या दातांवर टाकूच नका, मग ते पाऊण इंची का असेना.

हिशेब करून बघा. २२ मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडवरचा (चाक ज्या बोल्टवर बसतं त्यावरचा) नट साधारण ६०० ते ६८० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर पूर्ण वजन टाकून उभा राहिला तरी ३४३ न्यूटन-मीटरच मिळतात. दांडा एक मीटरचा केला की ६८७. म्हणजे नीट आवळलेला, न गंजलेला नट सुटायला मीटरभर दांडा ही किमान गरज आहे. टायरवाल्याने एक इंची हवेच्या गनने 'अजून थोडा' म्हणत ठोकलेला किंवा पावसाळाभर गंजलेला नट याहून कितीतरी जास्त मागतो. रस्त्यात अडकवणारे नट बहुतेक याच दोन कारणांनी अडकतात.

गोटीवर मात्र पैसे वाचवू नका. या स्टडच्या नटाचं माप बहुधा ३२ किंवा ३३ असतं, आणि घोळ तिथेच होतो. ३३ ची गोटी ३२ च्या नटावर सहज बसते, हाताला सैलही वाटत नाही, पण जोर लावला की फक्त सहा कोपऱ्यांवर दाब येतो आणि कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले की योग्य गोटीसुद्धा घसरते. म्हणून व्हर्नियरने नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा, पुढचा नट वेगळा, मागचा वेगळा. कुणीतरी मध्येच वेगळे नट टाकलेले असतात, तेव्हा एकच मोजून सगळे तसेच असतील असं धरू नका. बारा कोनी गोटी नको, ती कोपऱ्याजवळ पकडते. सहा कोनी सपाट बाजूवर जोर टाकते.

गोटी खोल का हवी? स्टडचं टोक नटाच्या बाहेर बरंच आलेलं असतं. आखूड गोटीत ते टोक तळाला टेकतं, गोटी नटावर अर्धीच चढते, आणि बाहेरून मात्र पूर्ण बसल्यासारखी दिसते. गोटी चढवल्यावर तिची कड नटाच्या वॉशरला टेकली का, हे बोट फिरवून बघा. चकचकीत क्रोमच्या गोटीपेक्षा काळी इम्पॅक्ट गोटी बरी. झटका बसला तर क्रोमची गोटी तडकून तिचा तुकडा उडू शकतो.

मागच्या चाकात अडचण वेगळी. बाहेरच्या चाकाची डिस्क आत वळलेली, नट खोल बसलेले, त्यामुळे एक्स्टेन्शन लावावंच लागतं. एक्स्टेन्शनच्या टोकावर दांडा दाबला की फिरवण्याचा जोर लागतोच, पण तो टोकाला खालीही ओढतो आणि गोटी तिरकी होऊन नटावरून निसटते. उपाय सोपा आहे: एक्स्टेन्शनचं बाहेरचं टोक उंची जुळवलेल्या घोडीवर (टेकूच्या स्टँडवर) टेकवा. मग दांड्याचा सगळा जोर फिरवण्यातच जातो. घोडी नसेल तर स्टेपनी आडवी टाकून तिच्यावर उंची जुळेल असा लाकडाचा ठोकळा ठेवला तरी भागतं, फक्त दुसऱ्या माणसाने तो धरायला हवा.

पाईप दांड्यावर निदान वीतभर आत गेला पाहिजे आणि तो फाटलेला नसावा. दांडा जमिनीला समांतर ठेवून खाली दाबा. वर ओढू नका, निसटला तर पाठीवर पडाल. त्यावर उड्या मारू नका, थांबून थांबून वजन वाढवा.

आता गिअरचा पाना. आत ग्रहमालेसारखे गिअर असतात, बाजारात १:५८ किंवा १:६४ असा आकडा सांगतात. ५८ पट जोर हातात येत नाही, बराचसा घर्षणात जातो, तरीही एका हाताने अडेल नट हलतो हे खरं. पण त्याची किंमतही मोजा: नटाच्या एका फेऱ्याला हँडलचे ५८ फेरे. नटाची उंची २७ मिलिमीटर धरली तर तो पूर्ण उतरायला १८ फेरे, म्हणजे हँडल हजाराहून जास्त वेळा फिरवायचं. म्हणून याने पाव फेरा सोडवा, पुढचं काम टी-बारने करा.

या पान्याचा पाय शेजारच्या नटावर टेकतो. तो नट पूर्ण आट्यांवर असलाच पाहिजे. उघड्या स्टडवर पाय टेकवला तर स्टड वाकतो. पाय आणि नट यांच्यामध्ये बोट ठेवू नका. सुरुवातीला हँडल फिरतं पण नट हलत नाही, कारण पान्यातला दांडा पिळला जात असतो. मग 'कट्' असा मोठा आवाज येतो आणि नट सुटतो. मध्येच पाना काढायचा असेल तर आधी हँडल उलटं फिरवून ताण सोडा. या पान्याला एअर किंवा बॅटरीची गन लावू नका, गिअर फुटतात.

दिशा तपासल्याशिवाय जोर लावू नका. जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला दिसतो. अशा गाडीत गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं ती नट आवळण्याची दिशा, तिच्या उलट सोडायची. गिअरच्या पान्याने उलट्या आट्याचा नट चुकीच्या दिशेला फिरवला तर हाताला काहीच कळत नाही, थेट स्टड तुटतो.

सोडवताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून उटी (अडवणारे ठोकळे). चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक लावा. चाक हवेत असताना मीटरभर पाईपवर वजन टाकलं तर गाडी जॅकवरून घसरते. आणि रिंगवाल्या रिमचं (टायर वेगळ्या लोखंडी कड्याने अडवलेलं) चाक असेल, टायर कमी हवेवर पळालेला असेल किंवा रिमला मार लागलेला दिसत असेल, तर नटाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर दोन्हीची. रिंग उडाली तर माणूस वाचत नाही.

गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल आट्यांवर आणि नट-वॉशरच्या फटीत सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ब्रेक ड्रमकडे तेल जाऊ देऊ नका. गॅसने नट तापवणं अजिबात नको: स्टडची कडकी जाते, आणि रिमवर टायर असताना आत तापून टायर फुटू शकतो. तुटलेला स्टड बदलताना त्याच्या दोन्ही शेजारचेही बदला, कारण एक गेल्यावर त्याचा भार त्यांनी सोसलेला असतो.

आवळायला गिअरचा पाना वापरू नका, किती जोर लागला ते त्यात कळत नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने). आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. टॉर्क पाना सोडवायला वापरला तर त्याचं माप बिघडतं. डिस्क जिथे टेकते तिथला गंज, माती आणि जाड रंग आधी खरवडून काढा, नाहीतर तो दबत जातो आणि नट आपोआप ढिला पडतो. ८० ते १०० किलोमीटर झाले की थांबून पुन्हा टॉर्क तपासा. त्यानंतरही रोज सकाळी चाकाकडे नजर टाका: नटाखालून डिस्कवर गंजाचा तांबडा ओघळ दिसला, तर तो नट हलतोय.