मी प्रोग्रामर आहे आणि फावल्या वेळात संगीत करतो. ते लोकांना ऐकवावं का, आणि कसं?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत: रीतसर संगीत शिकलेलं नसताना हे करण्यात अर्थ आहे का, लॅपटॉपवर साठलेले अर्धवट तुकडे कुणाला ऐकवावेत का, आणि ऐकवायचे तर खऱ्या नावाने की टोपणनावाने. मी दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते आणि रात्री संगीत करते, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांशी माझी चांगली ओळख आहे.

माझं उत्तर: ऐकवा. आणि नुसती वाजणारी फाईल देऊन थांबू नका, ती आतून कशी बांधली आहे तेही उघडं करून द्या. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सोर्स, म्हणजे मूळ कोड, वाटण्याची सवय आपल्याला कामामुळे आधीच लागलेली असते, ती संगीतातही वापरावी एवढंच माझं म्हणणं.

शिकण्याबद्दल थोडक्यात सांगते. संगणकावरचं संगीत सुरूच झालं ते इंजिनिअरांच्या हातून. १९५७ साली बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी आवाज तयार करणारा प्रोग्राम लिहिला. त्यावर वाजलेला पहिला तुकडा जेमतेम १७ सेकंदांचा होता, आणि तो रचणारे त्यांचे सहकारी न्यूमन गटमन हेही पेशाने संगीतकार नव्हते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या घरी पाइप ऑर्गन आहे. त्यांनी त्या वाद्यासाठी एक मोठी रचना केली आणि ती जानेवारी २०१८ मध्ये, त्यांच्या ८०व्या वाढदिवशी, स्वीडनमध्ये वाजवली गेली. जॉनथन कूल्टन यांनी २००५ मध्ये प्रोग्रामरची नोकरी सोडली आणि वर्षभर दर आठवड्याला एक गाणं लोकांपुढे ठेवलं, तेही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना ते वापरू देत. तुम्ही नोकरी सोडावी असं मी मुळीच सुचवत नाही. आपल्या पेशातल्या माणसांनी हा नाद गंभीरपणे केला आहे, इतकंच सांगायचं होतं.

आता आतलं उघडं करून देण्याबद्दल. ही परंपरा प्रोग्रामरांचीच आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा प्रोग्राम केला. अशा प्रोग्रामांना ट्रॅकर म्हणत. त्यांतून जी मॉड फाईल तयार व्हायची, तिच्यात सगळंच असे: कोणता सूर कुठे वाजतो, कोणत्या चॅनेलवर (एका वेळी एकच आवाज वाजवणाऱ्या वाटेवर) वाजतो, त्यावर कोणता इफेक्ट आहे, आणि वाद्यांचे मूळ आवाजसुद्धा. चार चॅनेल, प्रत्येक पॅटर्नमध्ये, म्हणजे गाण्याच्या एका तुकड्यात, ६४ ओळी, वरून खाली सरकत जाणाऱ्या. गाणं ऐकायचं म्हणजे ते उघडायचं, आणि उघडलं की आतलं सगळं समोर. कुणी बासची ओळ कशी रचली, दोनच चॅनेलमध्ये तीन वाद्यांचा भास कसा केला, हे डोळ्यांनी वाचता यायचं. पुढच्या आवृत्त्यांत ३१ आवाजांची सोय आली. प्रत्येक आवाजाच्या नावाला २२ अक्षरांची जागा होती, आणि लोक त्या जागांमध्ये नावं लिहायचं सोडून मित्रांना निरोप लिहीत, कुणाचे आभार मानत. एक अख्खी पिढी कुठल्याही वर्गात न जाता एकमेकांच्या फायली उघडून संगीत शिकली.

हीच वृत्ती पुढेही टिकली. २०११ मध्ये बाइटबीट नावाचा प्रकार निघाला. सी भाषेतलं एका ओळीचं सूत्र घ्यायचं, त्यात काळाचा आकडा एकेकाने वाढवत न्यायचा आणि येणारं उत्तर सेकंदाला ८,००० वेळा सरळ स्पीकरला द्यायचं. त्या ओळीतून ताल, बास, चाल सगळं ऐकू येतं. सूत्रच गाणं असल्यामुळे ते ऐकलेला माणूस लगेच त्यात एक आकडा बदलून स्वतःचं करून बघू शकत होता. प्रेक्षकांसमोर कोड लिहीत संगीत करणाऱ्यांमध्येही रीत अशीच आहे: स्क्रीन भिंतीवर दाखवायचा, काय टाइप होतंय ते सगळ्यांनी बघायचं. सॅम अ‍ॅरन यांचं सोनिक पाय आणि अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांचं टायडलसायकल्स ही या मंडळींची आवडती साधनं. टायडलचं ब्राउझरमध्ये चालणारं रूप म्हणजे स्ट्रुडेल. त्याची लिंक पाठवली की संगीत आणि त्याचा कोड दोन्ही एकदमच समोरच्याकडे पोचतात. तुम्ही अजून काहीच ऐकवलेलं नसेल तर सुरुवात इथून करा, इन्स्टॉल करायलाही काही नाही.

यात मिळतं काय, ते माझ्या एका अनुभवावरून सांगते. मी एका तुकड्याचे सगळे ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज, वेगळे करून लोकांसाठी ठेवले होते. तुकडा ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके), सगळे ठोके ग्रिडवर, म्हणजे काळाच्या समान आखलेल्या रेषांवर, चोख बसवलेले. एका अनोळखी माणसाने ते ट्रॅक उतरवून घेतले आणि फक्त एक गोष्ट बदलून मला परत पाठवले: स्नेअर (ड्रमसेटमधला एक ड्रम) १५ मिलिसेकंद मागे, म्हणजे उशिरा वाजेल असा, सरकवला होता. ९० बीपीएमला एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंदांचा होतो, त्याचा चौथा भाग १६७. म्हणजे त्याने सरकवलेलं अंतर या चौथ्या भागाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पण तेवढ्याने तुकडा सैल झाला, डोलायला लागला. मी तो दोन्ही प्रकारे कितीतरी वेळा ऐकला. नुसतं गाणं ऐकवलं असतं तर तो माणूस फार तर ‘छान आहे, जरा ताठ वाटतं’ असं म्हणाला असता. ट्रॅक हातात होते म्हणून त्याला ते करून दाखवता आलं, आणि माझा कान एका जागी कायमचा उघडला.

पण ऐकवायला आधी काहीतरी पुरं व्हायला हवं, आणि आपलं घोडं नेमकं इथे अडतं. प्रोग्रामर संगीत करायला बसला की तो हळूच साधनं करायला लागतो. स्वतःचा सिंथेसायझर लिहू, सॅम्पल (वापरायला ठेवलेले ध्वनिमुद्रित आवाज) लावून ठेवणारी स्क्रिप्ट लिहू, संगणकाला जोडलेल्या मिडी कंट्रोलरची बटणं नीट जुळवू. त्यात आनंद आहे, मीही तो घेते, पण तो वेगळा छंद आहे आणि त्याला वेगळी संध्याकाळ द्यावी. गाण्याच्या संध्याकाळी कोडचा एडिटर उघडायचाच नाही. अपवाद एकच, जिथे कोड लिहिणं हेच वाजवणं असतं.

त्या अपवादाचं एक उदाहरण देते, कारण गणित आणि ताल यांचं नातं इतकं थेट क्वचितच दिसतं. टायडलमध्ये ड्रमच्या नावापुढे कंसात ३ आणि ८ लिहिलं की तो आठ जागांमध्ये तीन ठोके जमेल तितके समान अंतरावर बसवतो. मिळतं ३-३-२, म्हणजे जगभरच्या नाचाच्या संगीतात ऐकू येणारा ओळखीचा ठेका. मागचं गणित म्हणजे दोन संख्यांचा मसावि काढण्याची युक्लिडची रीत. न्यूट्रॉन तयार करणाऱ्या यंत्रात स्पंदनं समान अंतरावर वाटण्यासाठी अशीच रीत वापरली गेली होती, आणि ती पारंपरिक तालांशी जुळते हे गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. सातात तीन टाकून बघा: २-२-३ येतं. सुरुवातीची जागा सरकवली की ३-२-२, म्हणजे रूपक तालाचे विभाग. हे वाचण्यापेक्षा वाजवून बघा. आकडे बदलत राहिलात तर तासभर कसा गेला कळणार नाही.

अर्धवट तुकड्यांचं म्हणाल तर माझा अंदाज आहे की तुमच्याकडे आठ-आठ मात्रांचे किंवा फार तर आठ बारचे (बार म्हणजे आवर्तनासारखा तालाचा एक विभाग) लूप, म्हणजे परत परत फिरणारे तुकडे, साठले असतील. सगळ्यांचं तसंच होतं. लूप इतका चांगला जमतो की त्याच्या पुढे काय करावं सुचत नाही, मग त्यातच एकावर एक थर चढत जातात. त्यातून सुटायची मला माहीत असलेली सगळ्यात खात्रीची पद्धत वजाबाकीची आहे. पूर्ण भरलेला लूप कॉपी करून सरळ तीन मिनिटं पसरवा. मग पुसायला लागा. सुरुवातीला फक्त एक वाद्य ठेवा. बास दुसऱ्या फेरीत येऊ द्या. मध्यावर ड्रम पूर्ण काढा. शेवटाकडे चाल काढून नुसती साथ ठेवा. नवीन एकही सूर न लिहिता तुकड्याला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळतो. मोठी फाईल छाटून नीट करण्याची सवय आपल्याला आहेच, इथेही हात तसाच चालतो.

दुसरा उपाय म्हणजे मुदत, तीही चारचौघांत जाहीर केलेली. बर सेटल्स हे मशीन लर्निंगमधले संशोधक. त्यांनी २००४ मध्ये फेब्रुवारी महिन्यात गाणी लिहिण्याचा एक उपक्रम सुरू केला: २८ दिवसांत १४ गाणी. एका दिवसाआड एक गाणं करायचं म्हटल्यावर कुणाला घोळ घालायला वेळच उरत नाही. त्यात सगळे आपापलं तिथेच ऐकवतात आणि दुसऱ्यांचं ऐकून अभिप्राय देतात. पहिल्यांदा ऐकवण्यासाठी मला अशीच जागा योग्य वाटते, जिथे ऐकणारासुद्धा करणारा असतो. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर टाकण्याची घाई करू नका. तिथे अनोळखी आकड्यांशिवाय हाती काही लागत नाही. आणि कुठेही गेलात तरी आधी इतरांचं ऐका, मन लावून, आणि त्याबद्दल दोन ओळी लिहा. मग तुमचं ऐकायला माणसं आपणहून येतात.

अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, त्याला ‘मस्त’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘नक्की कितव्या सेकंदाला कंटाळा आला?’ असं विचारा. बग रिपोर्टमध्ये आपण जशी नेमकी जागा मागतो, तशी मागा. तिघांनी एक मिनिट दहा सेकंदांच्या आसपास बोट ठेवलं, तर तिथे खरंच काहीतरी बिघडलंय. त्यांनी सुचवलेला उपाय बरोबर असेलच असं नाही, पण जागा बहुतेक बरोबर असते.

आता उघडं करून देण्याची व्यवहारातली बाजू. तुमच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाईल दिली तर ती दुसऱ्याकडे उघडेलच याची खात्री नाही. तेच सॉफ्टवेअर, त्याला जोडलेले तेच प्लगइन, तीच आवृत्ती लागते. काही वर्षांनी ती तुमच्याकडेही उघडली नाही तर नवल नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाईल काढा. सगळ्या फायली शून्य सेकंदापासून सुरू होऊ द्या, म्हणजे कुणीही त्या एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतील. सोबत मिडी फाईल द्या, तिच्यात आवाज नसतो, कोणता सूर कधी वाजतो याची नोंद असते. मिडी १९८३ पासून आहे आणि आजही कुठेही उघडतं. एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टेम्पो आणि पट्टी लिहा, झालं.

परवान्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे चांगल्या हेतूनेही गडबड होऊ शकते. विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकचे आवाज गाण्यात वापरायला बहुतेक वेळा परवानगी असते, पण तेच आवाज सुटे वाटायला सहसा मनाई असते. वेगळे ट्रॅक देताना तुम्ही नेमकं तेच करून बसाल. म्हणून जो तुकडा उघडा करायचा आहे तो स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या किंवा सिंथेसायझरमधून काढलेल्या आवाजांवर बांधा. बाकी लागतील ते फ्रीसाउंडवरून घ्या. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेला हा आवाजांचा साठा आहे, तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना त्याच्याजवळच लिहिलेला असतो, आणि सीसी शून्य, म्हणजे कुठलीही अट नसलेले, निवडले की काळजी मिटली. तुमच्या स्वतःच्या संगीताला क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देण्यापुरती अट घालणारा परवाना मला आवडतो. ‘बदल करू नये’ ही अट मात्र लावू नका, नाहीतर ट्रॅक उघडे करून काही उपयोग नाही. सोबत कोड देणार असाल तर त्याला एमआयटी किंवा जीपीएलसारखा सॉफ्टवेअरचा परवाना द्या, क्रिएटिव्ह कॉमन्स त्यासाठी केलेलं नाही. आणि नोकरीच्या करारात कामाबाहेर तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दल काय लिहिलंय, तेवढं एकदा वाचून घ्या.

राहिलं नाव. अमिगावरच्या त्या ट्रॅकरच्या काळात जवळजवळ सगळे टोपणनावानेच वावरत, आणि त्या नावांनीच एकमेकांना ओळखत. ऑफिसातल्या लोकांना कळावं असं वाटत नसेल तर खुशाल टोपणनाव घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण जे घ्याल ते एकच ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा, म्हणजे तुमचा नवा तुकडा ज्याला आवडला त्याला जुने शोधता येतील. पहिला टाकलात की त्याची लिंक इथे खाली द्या, ट्रॅकसकट. मी उघडून बघेन.