दोन जबाब, दोन वेगळ्या गोष्टी: कोर्ट कोणता धरणार?

प्रश्न : माझी बहीण सासरी भाजली. पहिल्या दिवशी तिने हवालदाराला ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असा जबाब दिला. तिसऱ्या दिवशी नायब तहसीलदारांना मात्र ‘नवऱ्याने रॉकेल ओतून पेटवलं’ असं सांगितलं. नवव्या दिवशी ती गेली. आता सत्र न्यायालयात आईची साक्ष आहे. आरोपीचे वकील म्हणतात, जबाब जुळत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाद. हे खरं आहे का?

उत्तर : नाही. जबाब जुळत नाहीत म्हणून दोन्ही आपोआप बाद होत नाहीत. मात्र नंतरचा म्हणून दुसराच खरा, असंही कोर्ट धरत नाही. मरणाऱ्याला शपथ नसते, त्याची उलटतपासणी होत नाही, म्हणून असा जबाब फार बारकाईने पाहिला जातो. तो विश्वासार्ह वाटला, तर केवळ त्याच्या आधारावर शिक्षा होऊ शकते. नागपूरच्या खुशालराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच हे सांगितलंय.

तुमच्या खटल्यात खरा प्रश्न हा, की प्रत्येक जबाबाच्या वेळी खाटेपाशी कोण होतं. तिला दवाखान्यात नवऱ्यानेच आणलं होतं का? हवालदार लिहून घेत असताना तो तिथेच उभा होता का? ज्याच्या घरी परत जायचंय, त्याच्यासमोर भाजलेली बाई स्टोव्हचंच नाव घेते, असे कितीतरी कागद मी वाचले आहेत. पण हाच प्रश्न तुमच्यावरही उलटेल. तिसऱ्या दिवसापर्यंत आई उशाशी होती, तिनेच पढवलं, असं बचाव पक्ष म्हणणार. नातेवाइकांना बाहेर काढलं का, तिच्याच शब्दांत लिहिलं का, वाचून दाखवलं का, हे नायब तहसीलदारांच्या साक्षीत यायला हवं. डॉक्टरांचा ‘जबाब देण्यास सक्षम’ हा शेरा नसला तरी तेवढ्यावरून जबाब फेटाळता येत नाही, असं २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात पाच न्यायमूर्तींनी ठरवलं. ती शुद्धीवर होती, याची जबाब घेणाऱ्याला खात्री पटलेली असली पाहिजे.

आता केसपेपर उघडा. भरती करतानाची हकीकत कुणी सांगितली ते पाहा. ‘रुग्णाने’ की ‘पतीने’, या एका शब्दाला मोठं वजन आहे. नर्सने गुंगीचं इंजेक्शन किती वाजता दिलं, जबाब किती वाजता सुरू झाला, या वेळा शेजारी शेजारी मांडा. मग शवविच्छेदन अहवाल आणि घटनास्थळाचा पंचनामा. डोक्याच्या केसांना रॉकेलचा वास होता का? स्टोव्ह फुटलेला होता की जागेवर धड होता? या गोष्टी कुठल्या जबाबाशी जुळतात, ते कोर्ट पाहील.

आईबद्दल कळकळीने सांगतो. लेकीने तिला जे सांगितलं, तोही पुरावाच आहे. पण पोलिसांना दिलेल्या जबाबात नसलेलं एखादं मोठं वाक्य ती आता कोर्टात बोलली, तर उलटतपासणीत तेच धरलं जाईल आणि नायब तहसीलदारांच्या जबाबावरही सावट येईल. तिला आठवतं तेवढंच, तिच्या भाषेत सांगू द्या. कुणी शिकवू नका, तुम्हीही नाही.

तारखेआधी हे सगळे कागद घेऊन सरकारी वकिलांना भेटा. त्यांना साहाय्य करायला तुम्ही स्वतःचा वकील देऊ शकता. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवादही दाखल करू शकतो. आरोपी सुटलाच, तर अपिलाचा हक्क कुटुंबालाही आहे.