दोन अँटिव्हायरस आणि रखडणारा संगणक

प्रश्न : विंडोज ११, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि दोन अँटिव्हायरस. संगणक रखडतो. एक काढला तर धोका वाढेल का?

उत्तर : नाही, काढाच. फाइल उघडली की दोन्ही ती तपासू पाहतात. हार्ड डिस्कला हा भार झेपत नाही. शिवाय ते एकमेकांच्याच फाइली संशयित ठरवतात. 'सेटिंग्ज'मधील 'अ‍ॅप्स'मधून अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. अवशेष उरले तर त्याच कंपनीचे रिमूव्हल टूल वापरा. दोन्ही काढलेत तर विंडोजचा डिफेंडर, म्हणजे त्यातच असलेला अँटिव्हायरस, आपोआप सुरू होतो. घरगुती वापराला आमच्या मते तो पुरतो. 'विंडोज सिक्युरिटी'त रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइलींची सतत चालणारी तपासणी) चालू आहे ना, तेवढे पाहा. वेगासाठी डाउनलोड्स फोल्डर तपासणीतून वगळू नका, कृपा करून! घातक फाइली बहुधा तिथेच उतरतात. त्यापेक्षा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क बसवा.