कॅथेटरचं प्रशिक्षण: मावशी-मामांना कोण शिकवणार?

सिस्टर, तुमच्या वॉर्डात सगळ्या स्टाफचं प्रशिक्षण झालं, हजेरीच्या सह्या झाल्या, तरी कॅथेटरवाल्या (लघवीसाठी मूत्राशयात नळी घातलेल्या) पेशंटना लघवीचा संसर्ग व्हायचा थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा उलट प्रश्न: त्या प्रशिक्षणाला मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, होते का?

बहुतेक ठिकाणी नसतात. नळी निर्जंतुक पद्धतीने कशी घालायची हे आपण सिस्टर, ब्रदर, इंटर्नकडून घोटून घेतो. ते हवंच. पण घालणं काही मिनिटांचं, आणि नळी राहते कितीतरी दिवस. ती आत असेपर्यंत दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. त्या दिवसांत युरोबॅग (नळीला जोडलेली लघवीची पिशवी) रिकामी करतात मावशी, सोनोग्राफीला नेतात मामा, आणि रात्री उठवतो-बसवतो गावाकडून आलेला मुलगा.

ट्रॉलीवर घेताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवलेली तुम्ही रोज बघत असाल. हे भाषणाने सुटत नाही. मुदत संपलेली बॅग घ्या, तिच्या नळीत हळदीचं पाणी भरा, टोक रिकाम्या सलाईनच्या बाटलीत सोडा (बाटली म्हणजे मूत्राशय समजा) आणि नळी वर उचला. पिवळं पाणी बाटलीत उतरताना दिसलं की मावशीच म्हणतात, "आगं बाई, हे तर पोटात चाललंय की!" बॅगेला झडप असली तरी नळीतली लघवी उलटी जातेच. म्हणून बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता. हलवायच्या आधी रिकामी करायची.

दुसरी जागा म्हणजे मोजायचा मग. एकच मग घेऊन मावशी अख्ख्या वॉर्डातून फिरतात, हातमोजेही तेच, आणि बॅगेचं तोंड मगाच्या काठाला घासतं. एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे न्यायला एवढं पुरे. प्रत्येकाचा मग वेगळा, तोंड मगाला लागू द्यायचं नाही, दर पेशंटला हातमोजे बदलायचे, हात स्वच्छ करायचे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वॉर्डाच्या नळाला पाणी नसतं, तेव्हा "हात धुवा"चा फलक लावून काय उपयोग? हँडरबची, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायच्या द्रावणाची, बाटली खाटेलाच अडकवा.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो नळी लवकर काढल्याने. लघवी अडकलीय, तासातासाला मोजायचीय, विशिष्ट ऑपरेशन झालंय, किंवा लघवीवर ताबा नाही आणि माकडहाडाजवळची जखम भिजतेय, अशी कारणं ठीक. चादर ओली होते हे कारण नाही. त्याला डायपर आहे, पुरुषांना कंडोम कॅथेटर (बाहेरून चढवायचा) आहे. ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना, प्रत्येक नळीचा दिवस कितवा आणि कारण काय, हे बोलायची सवय लावा. कारण संपलं की सिस्टरने नळी काढावी, असा लेखी आदेश वरिष्ठ डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. नाहीतर राउंडची वाट बघण्यात आणखी दोन दिवस जातात. खरं तर इथे शिकवणी डॉक्टरांची हवी.

बाकी थोडक्यात. नळी आणि बॅगेचा जोड उगाच उघडू नका. नळी मांडीला चिकटवा. रोजच्या सफाईला साबण-पाणी पुरतं. कॅलेंडर बघून नळी बदलायची गरज नाही. आणि लघवीला वास आला किंवा ती गढूळ दिसली एवढ्यावरून कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) पाठवू नका. त्यात जंतू पुष्कळदा सापडतात, मग नको ते अँटिबायोटिक सुरू होतं.

मावशी कंत्राटी असतील तर माणसं बदलत राहतात, म्हणून वर्षातून एकदाच्या व्याख्यानापेक्षा नवीन माणूस आलं की खाटेपाशीच शिकवा. हिशेब 1000 कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला नळी एक दिवस, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) किती संसर्ग, असा ठेवा; रोज ठरल्या वेळी नळ्या मोजल्या की झालं. मात्र नळ्या कमी झाल्या की भागायचा आकडाच लहान होतो आणि दर कधी कधी वाढलेला दिसतो. मीटिंगमध्ये कोणी त्यावर बोट ठेवलं तर प्रत्यक्ष केसेस आणि एकूण कॅथेटर-दिवस, दोन्ही आकडे समोर ठेवा.