पंखा फिरतो आणि थांबतो: मदरबोर्डवर खापर फोडण्याआधी

तुम्ही लिहिलंय ते असं: डेस्कटॉप दहा दिवस बंद होता. आता बटण दाबलं की पंखा जरासा फिरतो आणि सगळं थांबतं, स्क्रीन काळी ती काळीच. ज्यांना दाखवलात त्यांनी कॅबिनेट न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं.

एवढ्यात नवीन बोर्ड घेऊ नका. बोर्ड जातो, नाही असं नाही, पण तो सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा भाग. आणि बोर्ड बदलला की मशीन बऱ्याचदा सुरू होतं, त्याचं एक गंमतीदार कारण आहे: तो बदलताना प्रत्येक वायर निघते, रॅम निघते, सगळं नव्याने बसतं. कित्येकदा दोष त्या काढघालीतच गेलेला असतो आणि नाव मात्र बोर्डाचं होतं.

आधी एक काम करा. बटण दाबून लगेच सोडा आणि पंखा किती वेळ फिरतो ते घड्याळ लावून मोजा. ‘जरासा’ म्हणजे अर्धा सेकंद की चार, यावर पुढचं सगळं ठरतं.

चालू-बंदचं बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता तेच बटण आत अडकून बसलं तर? मशीन सुरू होईल आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला आपलं आपण बंद पडेल. माझ्या जुन्या मशीनवर मी यात दोन संध्याकाळी घालवल्यात. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) उसना आणून लावला, रॅम बदलून पाहिली, प्रोसेसरवरची पेस्टसुद्धा नवीन लावली. शेवटी कंटाळून बटणाची वायर बोर्डावरून उपटली, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, आणि मशीन गुपचूप सुरू झालं. बटणामागचा प्लॅस्टिकचा दांडा मोडून आत रुतला होता. मग रिसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर खोचली. ते मशीन आजही रिसेटच्याच बटणावर चालू होतं.

तुम्हीही हे करून बघा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा एक पुंजका असतो, त्यात पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. कुठल्या ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघा, बहुतेक वेळा शेजारी छापलेलंही असतं. वायर काढा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने त्या दोन पिना क्षणभर जोडा आणि लगेच हात काढा. तिथे फार तर पाच व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. परत लावताना स्विचची वायर उलटी बसली तरी चालते. कॅबिनेटवरच्या दिव्याची मात्र उलटी लावली तर दिवा लागत नाही.

पंखा सेकंदभरातच थांबत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतोय. इथे अंदाज बांधत बसू नका, ओझं उतरवा. आधी मेन केबल (भिंतीच्या प्लगमधली) काढा, मग हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड (प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसले तरी काढा, या चाचणीपुरती स्क्रीन नकोच आहे), पुढच्या यूएसबीची वायर, सगळं सोडवा. पुढच्या यूएसबी पोर्टातली पत्री वाकून एकमेकींना टेकली एवढ्यावरसुद्धा मशीन अडतं. बोर्ड, पंख्यासकट प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर घट्ट बसलाय का तेही बघा, तो हमखास विसरला जातो. मशीन टिकलं तर एकेक वस्तू परत जोडत जा. जी जोडल्यावर पुन्हा थांबेल, ती चोर. बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे उभे गोल डबे) डोक्यावर फुगलेत का, हे उघडलंच आहे तर बघून घ्या.

पंखा फिरतच राहिला आणि स्क्रीन तेवढी काळी, असं झालं तर पहिला संशय रॅमवर. दहा दिवस पडून राहिलेल्या मशीनमध्ये तिच्या पितळी दिसणाऱ्या कडेवर हलका थर असू शकतो. मेन केबल काढून पट्टी बाहेर घ्या, साधं पांढरं खोडरबर त्या कडेवर एकाच दिशेने हलकेच फिरवा, भुगा झटका. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते, ब्रश वापरा. पट्टी बसवताना दोन्ही टोकं अंगठ्यांनी सारखी दाबा. ‘टक’ आवाज येईपर्यंत ती बसलेली नसते, दिसायला कितीही बसल्यासारखी दिसो. दोन पट्ट्या असतील तर एकेकटी लावून बघा. आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच आहे ना? हसू नका, मी स्वतः फसलोय.

दहा दिवसांचा आणखी एक संशयित म्हणजे बोर्डावरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल. नवा असताना तो ३ व्होल्ट दाखवतो. तो मेला तरी बहुतेक मशीन सुरू होतात, फक्त तारीख-वेळ विसरतात. पण काही बोर्ड त्यावरून अडून बसतात. मेन केबल काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, शक्य तर नवाच घाला. रॅम डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर त्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅम तपासून जुळवत असतो. घाबरून मध्येच बंद करू नका.

एसएमपीएसबद्दल. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बोर्डाला जाणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी वायर तपासा: मेन चालू असली की मशीन बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट हवेत. नसतील तर पुढे शोधायची गरजच नाही. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस एकटा चालवायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती चालते, पण तिने फक्त ‘मेला नाही’ एवढंच कळतं. ओझं नसताना पंखा अधू एसएमपीएसही फिरवतो. मशीनला जोडून चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत आकडा मिळाला तर त्याला थोडा अर्थ आहे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात.

आज एवढंच करा: सेकंद मोजा आणि त्या दोन पिना जोडून बघा. आकडा आणि पिनांनी काय झालं ते लिहा, शिवाय रॅम कुठली आणि ग्राफिक्स कार्ड आहे की नाही तेही. मग पुढचं बघू.